राधाबाईचा नंबर

मानसी बाय, बस इथं. तुझा आजा नाइट ड्युटी करून झोपलाय, तो उठेपर्यंत तुला एक गोष्ट सांगतो. तुझ्या आजीची आहे. आजी हार्टनं गेली एवढंच तुला माहीत असणार. तुझ्या बापालापण तेवढंच माहीत होतं. पण त्याच्या आधी एक झालंय आणि नंतर पण एक चाललंय. ऐकून घे, मग काय ते बोल.

मुरबाड रोडचा तो पार्क आठवतो का गो? मौजपुरी. तू एवढीशी होतीस. नागपूरला बदली व्हायच्या आधी तुझ्या बापानं, विकासनं, सगळ्या घराचा पास काढला, वर्षभराचा. मग तुम्ही गेलात तिकडं आणि पास राहिला या दोघांकडं. पण आजीला त्याचा असा काय नाद लागला की विकासनं दर वर्षी तिकडनं पुढचा काढून द्यायचा. साडी देतो बोलला तर बोलायची, साडी नको, पास दे. अख्खी चाळ हसायची. ती बाजूची मालन तोंडावर बोलायची, "राधावैनी, नात नागपुरात आणि आजी झोपाळ्यावर. उलटंच आहे तुमचं."

"तू ये ना," आजी बोलायची. "तिथं माणसाला उलटं टांगायचं पण मशीन आहे. तुझ्या तोंडातलं सगळं एकदाच बाहेर पडेल."

तेव्हा माझी टॅक्सी होती, म्हणून मीच न्यायचो. पहिल्या खेपेला आम्हाला काय कळलंच नव्हतं. गेटवर मनगटाला पिवळा पट्टा बांधला, आम्ही म्हटलं, असेल काहीतरी. आजी गेली ती सरळ त्या मोठ्या गोल पाळण्याच्या लायनीच्या शेपटीला. पदर खोचला कमरेला, पिशवी पायात ठेवली आणि उभी राहिली, जशी आपल्या नळावर राहायची. तिथला गार्ड आला, बोलला, "आजी, पट्टावाल्यांनी त्या बाजूनं जायचं. लाईन नाय तुम्हाला."

"नको बाबा," ती बोलली. "मी घुसणाऱ्यातली नाय."

त्यानं हात धरून नेलं तेव्हा गेली. एवढी माणसं उन्हात उभी आणि ही बाजूच्या मोकळ्या गल्लीतनं चाललेली. आणि प्रत्येकाला सांगत, "येऊ का, जाऊ का, त्यानं सांगितलं म्हणून जाते हं." तुझा आजा मागनं शरमेनं मान खाली घालून. मी गाडीपाशी उभा राहून बघत होतो, मला हसू आवरेना.

येताना गाडीत कळव्याच्या पुढं आल्यावर बोलली, "अण्णा, एवढ्या लोकांच्या पुढनं गेले आणि कोण वाईट बोललं नाय."

तुला हे कळायचं नाय बाय. तुमच्या नागपूरच्या घरात नळ घरात, संडास घरात. त्या बाईचं आयुष्य लायनीत गेलं. पाण्याला लाईन, घासलेटला लाईन, सकाळी डबा घेऊन लाईन, हॉस्पिटलात केसपेपरला लाईन. एकदा तरी कोण बोललं का तिला, बाई तू हो पुढं? तिला पाळण्याचं कमी आणि त्या गल्लीचं कौतुक जास्त होतं. पाळण्याचं पण होतं, नाय असं नाय. वर गेला की थांबतो, खाली माणसं चढउतार करतात तोवर. तिथं बसून ती बोलायची, इथं मागनं कोण ढकलणारं नाय.

काही वर्षं असं छान चाललं. मग त्या पार्कवाल्यांचं डोकं फिरलं. पट्टा गेला, कार्ड आलं. कार्डावर दिवसाला एकाच झोपाळ्याची लाईन तोडता यायची, मग ते पंच करायचे. आजीनं बाकीचे सगळे झोपाळे सोडून दिले. एकदा जायची पाळण्यात, दिवसभर बाकड्यावर बसून चपाती-भाजी खायची, आणि यायची. पुढच्या वर्षी बोलले, रविवारी चालणार नाय, गर्दी असते. तुझा आजा टॉवरवर वॉचमन, त्याला सुट्टी रविवारची. त्यानं सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्टी मंगळवार करून घेतली. बोलला कुणाला नाय. मला मागनं कळलं, का तर रविवारी कॅरमला येईना झाला.

मग लॉकडाऊन लागला. पार्क बंद. आणि त्यातच आजीला दम लागायला लागला. पहिलं वाटलं, वय झालं. जिना चढताना मधल्या माळ्यावर टेकायची. मग पायावर सूज. डॉक्टर बोलले, हार्ट मोठं झालंय, जपा.

पार्क उघडला तेव्हा कार्डपण गेलं. सगळं फोनवर. सकाळी फोनमध्ये टाइम धरायचा, त्या टाइमला जायचं. तुझ्या आजाचं बोट पोचेपर्यंत सगळे टाइम संपलेले. माझा स्वप्नील त्याला करून द्यायचा, पण कधी मिळायचा, कधी नाय. आणि या वर्षापासनं तेही बंद. पासवर नुसतं आत जायचं. लाईन तोडायची तर वेगळे पैसे, आणि तेपण फोनवर, आणि सकाळीच संपतात. ती गल्ली आहे तिथंच. पण ती आपली राहिली नाय.

म्हणजे बघ, तिला उभं राहवत होतं तेव्हा कोण उभं करत नव्हतं. आणि राहवेना तेव्हा राहा बोलले.

यंदा थंडीत तिनं अंथरूण धरलं, उठली, परत धरलं. एक दिवस सकाळी तुझ्या आजाला बोलली, "एकदा पाळण्यात बसव." मी तिथंच चहा पीत होतो. तो बोलला, बसवतो. डॉक्टरला विचारायचं तर डॉक्टर नाय बोलणार हे दोघांनाही ठाऊक. म्हणून विचारलंच नाय.

तू बोलशील, आजारी माणसाला व्हीलचेअर असते, वेगळं दार असतं. असतं ना. मी फोन करून विचारलं. पण कागद दाखवावा लागतो आणि कागदावर हार्ट लिहिलेलं. हार्टवाल्याला पाळण्यात बसवतच नाय, पाटीच आहे तिथं. आजारी आहे सांगितलं तर बसायला नाय, आणि सांगितलं नाय तर उभं राहा.

मग आम्ही आपल्या डोक्यानं काढलं. आपल्या चाळीत काय करतात? जो आजारी, ज्याचं पोर लहान, त्याचा नंबर दुसरा धरतो. नळावर मालन बाळंत होती तेव्हा तिची कळशी तुझ्या आजीनं लावली. तुझा बाप तापानं फणफणला होता तेव्हा हॉस्पिटलच्या लायनीत पहाटे मी उभा होतो, आजी त्याला घेऊन नंतर आली. कोण काय बोलत नाय. बोलला तर त्यालाच चार जण ऐकवतात. आम्हाला वाटलं जगात सगळीकडं असंच असतं.

रविवारच मिळाला, स्वप्नीलची गाडी रिकामी होती म्हणून. आजी, तुझा आजा, मालन आणि मी. मालननं आजीला झाडाखाली बाकड्यावर बसवलं आणि आम्ही दोघं लायनीत. ऊन चांगलंच होतं. लाईन वळसे घेत घेत जाते तिथं, रेलिंगमधनं. आजी लांबनं हात करत होती. नवीन साडी, मालनचा गॉगल घातलेला. तुझा आजा बोलला, "बघ अण्णा, नटी दिसते." अख्ख्या जन्मात त्याच्या तोंडून बायकोचं कौतुक मी तेवढंच ऐकलं.

नंबर जवळ आला तसा मी गेलो आणि तिला घेऊन आलो. हळूहळू. रेलिंगखालनं आत घेतलं तर मागनं आवाज, "ओ काका, लाईन आहे."

"माहीत आहे," मी बोललो. "हिचाच नंबर धरलाय."

"नंबर काय धरलाय? रेशनचं दुकान आहे काय?" मागनं हसले दोघंचौघं.

गार्ड आला. पहिलेवाला नव्हता, हा नवीन. बोलला, "मावशी, मागनं या. जो उभा राहील तो बसेल."

तुझा आजा बोलला, "मी उभा होतो ना तिच्यासाठी."

"तुम्ही तुमच्यासाठी उभे होता."

"बरं, मग मी नाय बसत. माझ्या जागी तिला घ्या."

"असं होत नाय काका. वर कॅमेरा आहे, माझी नोकरी जाईल." वाईट नव्हता गो तो. खरंच वर बघत होता.

मालन तिकडनं ओरडत आली, "आणि ते बाजूनं चाललेत ते कोण, तुझे सासरे?" गल्लीतनं एक कुटुंब चाललं होतं, आईस्क्रीम खात. गार्ड बोलला, "त्यांनी घेतलंय." एक बाई लायनीतनं बोलली, जाऊ द्या ना म्हातारीला. लगेच दुसरा बोलला, आज एक सोडा, उद्या दहा येतील. तुझा आजा वॉचमन माणूस, नियम त्याला कळतो.

आजीच बोलली, "भांडू नका. मी राहते उभी."

आम्ही नको नको बोलत होतो. ती ऐकते? पदर खोचला आणि गेली शेपटीला. तुझा आजा तिच्या मागं, पाठीला हात लावून. मी आणि मालन पुढंमागं. एक वळसा केला. रेलिंगला धरून थोडं थांबायची, परत चालायची. ओठ निळसर दिसायला लागले. मालननं गॉगल काढून घेतला तिचा तेव्हा डोळे बघितले मी. तिथं कठड्याला एक सिमेंटचा उंचवटा होता. आजी बोलली, "जरा टेकते." आणि आजाकडं बघून हसली. बोलली, "नंबर धरून ठेव हा माझा."

लाईन पुढं सरकली. तो पण सरकला, नंबर जाऊ नये म्हणून. परत सरकला. मागं वळून बघितलं तर ती मालनच्या अंगावर कलंडलेली.

आम्ही उचलून गाडीत घातलं. त्याच गार्डनं गेट उघडून दिलं, गाडी आत घ्यायला लावली. तिथल्या हॉस्पिटलात नेलं, मग इकडं आणलं. आठवडाभर काढला तिनं. नळीमुळं बोलता येत नव्हतं. पाळण्याचं परत काय निघालंच नाय.

आजीच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही आला होतात, तेव्हा बघितलंस ना त्याला. रडला नाय. सगळ्यांना पाणी विचारत फिरत होता. तुम्ही गेलात आणि मंगळवारी हा डबा घेऊन निघाला. मला वाटलं विहारात जातो. पुढच्या मंगळवारी परत. मी बोललो, रामज्या, कुठं रे? बोलला, आलोच. मग मी एकदा मागनं गेलो.

तो पाळण्याच्या लायनीत उभा होता. पिशवी पायात. पास अजून चालू आहे त्याचा, आत कोण अडवत नाय. मी लांब उभा राहून बघितलं. लाईन सरकते, हा सरकतो. नंबर आला, आणि हा बाजूला झाला. मागच्याला बोलला, "तुम्ही व्हा पुढं. आमचं माणूस येतंय." त्याच्या मागच्यालाही तेच. असं संध्याकाळपर्यंत, बाय. पाळणा बंद होईपर्यंत तिथंच, दाराशी. मग डबा खाल्ला आणि निघाला.

वेडा नाय झाला तो. ती गेली हे त्याला माहीत आहे. मी विचारलं घरी आल्यावर. बोलला, "मी सरकलो ना अण्णा. ती बसली तिथं आणि मी सरकलो. तिनं नंबर धर सांगितलं म्हणून." मग बोलला, "धरलाय तर धरलाय. सोडू कसा?"

तो गार्ड बिचारा ओळखतो आता त्याला. सांगत होता मला, काका, मी दर वेळी म्हणतो, आजोबा, असेच बसा, मी सोडतो. पण ते म्हणतात, माझा नंबर नाय, तिचा आहे. मी पण बोलून बघितलं. बोललो, मी बसतो तिच्या जागी, चल, मोकळा हो. माझ्याकडं बघून बोलला, "तू घरचा नाय रे." रागानं नाय. बरोबरच आहे त्याचं. आपल्याकडं धरलेला नंबर घरच्याच माणसाला देतात. शेजाऱ्यानं धरायचा, घ्यायचा घरच्यानं.

विकासला फोन केला मी. तो रडला. बोलला, बाबांना नागपूरला पाठवा. हा जाईल काय? नंबर टाकून? आणि आता उन्हाळा वाढत चाललाय, त्याचंपण वय झालंय. त्या दिवशी आला तर पाय सुजलेले होते. तेच पाय मी आधी एका बाईचे बघितलेत.

तो उठेल आता, खाट वाजली बघ. म्हणून पटकन सांगतो. उद्या मंगळवार. तो सकाळी निघेल, त्याला जाऊ दे, काय विचारू नको. आपण मागनं जाऊ, स्वप्नील गाडी घेऊन येतो. गार्डला मी सांगून ठेवलंय, तुला रेलिंगखालनं आत घेईल, तो बोलला, या वेळेला मी कॅमेऱ्याकडं बघत नाय. मी काय तुझ्याबरोबर येणार नाय आत, मला बघितलं तर बिघडेल.

त्याचा नंबर आला, तो बाजूला व्हायला लागला, की तू पुढं हो. समजूत घालू नको, रडू नको, आजीचं नाव काढू नको. नुसता हात धर आणि बोल, "आजोबा, आले मी." आणि घेऊन बस त्याला पाळण्यात. बसशील ना गो बाय?