टरफलांची भुकटी

रोलरमागून कुणीतरी खाकरलं आणि तिने सवयीने तोंड फिरवलं.

मागे कुणी नव्हतं. काजळी टाकणाऱ्याने आधी खाकरायचं, म्हणजे समोरच्याने श्वास रोखून धरायचा, ही रबराच्या कारखान्यातल्या या खात्याची जुनी रीत. तिचा नवरा जन्मभर असा खाकरत आला आणि शेवटी खोकून खोकूनच गेला. ती त्याचा सदरा घासायला बसली की चिडवायचा, "कोळसा उगाळावा तितका काळाच, राहू दे." रबराला बळ यावं म्हणून घालायची ती काजळी माणसाला मात्र आतून पोखरते. त्याला जाऊन वर्ष उलटलं, तरी रोलर फिरू लागला की तो तिला ऐकू यायचाच.

आज पाटीत काजळी नव्हती, अंड्यांच्या टरफलांची पांढरी भुकटी होती.

"आई, कुणाला बघतेस?" समोर उभ्या असलेल्या लेकीने विचारलं. कामावर तिचा हा पहिलाच आठवडा.

"कुणाला नाही. टाक तू, थोडी थोडी."

भुकटी रबरात मुरली आणि साईसारखी पट्टी निघाली. या पट्टीने ताण सोसला तर काजळी कायमची बंद, असं साहेबांनी कबूल केलं होतं. त्यांनी ती ताण मोजायच्या यंत्रात अडकवली. 'आता तरी सांभाळ रे पोरीला,' ती मनात नवऱ्याला म्हणाली.

पट्टी ताणत गेली आणि तुटली.

"वाईट नाही," साहेब काटा बघत म्हणाले. "पण बुटाचा तळ टिकायचा नाही. निम्मी काजळी घालावी लागेल."

"निम्मी घातली की माणूस निम्माच मरतो का, साहेब?"

साहेबांनी तुटलेले तुकडे यंत्रातून सोडवले. माणूस चांगला होता, पण चांगुलपणाने रबर चिवट होत नाही.

तेवढ्यात पुन्हा तेच खाकरणं आलं. या वेळी लेकीच्या बाजूने. लेक तर ओठ मिटून उभी होती. आई साहेबांकडे वळली.

"टरफलांचा आतला पापुद्रा काढायला मागे माणूस लागेल ना? हिला तिकडे द्या. काजळी मी टाकते."

"आई, तुझी छाती आधीच..."

"माझी छाती मी बघेन. तू जा."

लेक मागच्या अंगणात हौदापाशी जाऊन बसली. खिडकीतून तिचे कोपरापर्यंत भिजलेले हात दिसत होते. आईने ते डोळे भरून पाहिले. मग काजळी तिकडे उडू नये म्हणून खिडकी लावून घेतली.