चारशे चुण्या

इस्मिनीला सांगितलं होतं की छायाचित्रांच्या अल्बमात गणवेश हवेत, माणसं नकोत. म्हणून तीन आठवडे ती अथेन्सच्या राष्ट्रपती-पहाऱ्याच्या बराकीत, शिवणखोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून बसली होती आणि रोज अरेतीमावशीची बोलणी खात होती.

"दिवा मागे घे, पोरी. जरीला ताप सोसत नाही."

"मावशी, हा दिवा तापतच नाही."

"मग माझं डोकं तापतंय. घे मागे."

अरेती एकतीस वर्षं पहाऱ्यावरच्या जवानांच्या बंड्या शिवत होती. एकेका बंडीवर सोनेरी जरीचं काम करण्यात तिचे महिनेच्या महिने जात. खालच्या पांढऱ्या घेरदार झग्याला चारशे चुण्या, तुर्कांच्या गुलामीच्या दर वर्षाची एक. इस्त्री करणारी पोरं कंटाळली की ती म्हणायची, "दीडशेव्या वर्षी आपले खापरपणजे कंटाळले असते म्हणजे?" जवान कपडे चढवायचे ते पलीकडच्या इमारतीत. तिच्या हाती यायचे फक्त मापांचे कागद.

शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. गुरुवारी इस्मिनीने सहज विचारलं, "रविवारी ही सगळी फौज चौकात निघते, तेव्हा कसं वाटतं हो तुम्हाला?"

अरेतीने दोरा दातांनी तोडला. "मी कधी पाहिलंच नाही."

"एकतीस वर्षांत?"

"रविवारी आईला आंघोळ घालायची असायची. ती गेली, मग पाय निघेना. आणि खरं सांगू? भीती वाटते. इथे टेबलावर चूक दिसली तर उसवता येते. तिथे काय करू?"

"या रविवारी माझ्याबरोबर चला."

"बघू," अरेती म्हणाली. म्हणजे नाहीच, असं इस्मिनीने धरलं.

पण रविवारी पावणेअकराला अरेती चौकात हजर होती, चर्चला घालायचा निळा कोट घालून. बँड वाजला. खिळे ठोकलेल्या जोड्यांचा एकसाथ ठोका पडत पांढरी रांग आली, तशी तिने इस्मिनीचं कोपर गच्च धरलं. ती पुटपुटत होती. इस्मिनीने कान दिला. मावशी बंड्या ओळखत होती.

"ही चौऱ्याण्णवची. हिच्यात सुई मोडली होती. ही पहिली, किती वाकडी केली मी! आणि ही..." तिने बोट रोखलं. "ही आई गेली त्या वर्षीची."

त्या बंडीतला उंच जवान अनाम सैनिकाच्या समाधीपाशी उभा राहिला आणि दगड झाला. पलीकडे त्याचा जोडीदार उभा राहिला, बाकीची रांग परत गेली. तेवढ्यात वारा सुटला. त्याच्या झग्याची एक चुणी उलटली आणि कमरपट्ट्यात अडकली. देखरेखीचा शिपाई पलीकडच्या जवानाचा घाम टिपत होता.

"अगं, चुणी," अरेती म्हणाली, आणि इस्मिनी वळेपर्यंत ती दोरीखालून पलीकडे गेलीसुद्धा.

"ओ बाई! मागे व्हा!" पोलीस धावला.

शिपायाने तिला पाहिलं. दर आठवड्याला तिच्याकडून बंड्या तोच न्यायचा. "राहू द्या हो, आमच्या मावशी आहेत," तो म्हणाला आणि जवानापाशी जाऊन हळूच विचारलं, "मावशींनी हात लावला तर चालेल? चालत असेल तर एकदाच डोळे मिट."

जवानाने डोळे मिटले. उघडायला त्याने अंमळ वेळच घेतला.

अरेतीने चुणी सोडवली, बोटांनी दाबून बसवली, मग शेजारच्या चारही. तिचा हात वर गेला आणि छातीवरच्या जरीवर टेकून राहिला. इस्मिनीने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. अल्बमात हे घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी तिने पुन्हा दाबलं.

"फ्तू, फ्तू, फ्तू," अरेती त्याची दृष्ट काढत म्हणाली, आणि डोळे पुसत परत आली.

दुपारी, त्या जवानाची पाळी संपायच्या वेळी, दोघी बराकीच्या फाटकापाशी उभ्या होत्या. जीन्समधला एक लांबडा मुलगा बाहेर आला आणि समोर थांबला. अरेती त्याच्या पलीकडे बघत राहिली.

"मावशी, मी."

"मी कोण?"

"सकाळचा. झीसिस."

ती त्याचा चेहरा पाहू लागली. नाकावर ऊन लागलेलं, कानामागे पुळी. मग तिने टाचा उंचावून दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि वीत लावून पाहिलं.

"उजवा बोटभर खाली. तुझ्या मापासाठी त्या जुन्या बंडीत कापूस भरला होता मी. हं, तूच तो."

"तेव्हा हलता येत नव्हतं," झीसिस म्हणाला आणि वाकून त्याने तिला मिठीच मारली.

"हळू रे, हाडं जुनी आहेत," ती म्हणाली, पण सुटायची घाई केली नाही. मग एकदम, "जेवलास?"

"नाही अजून."

"तू गं?"

इस्मिनीनेही नाही म्हणून मान हलवली.

"मग चला. ओव्हनमध्ये बकरा-बटाटे ठेवून आलेय. एकटीला संपणार आहेत का?"

तिने झीसिसचा दंड धरला. रस्ता चढाचा होता. त्याच्या एका पावलाला तिची तीन पडत होती, म्हणून तो बारीक बारीक पावलं टाकत तिच्या चालीने चालू लागला.