वर केलेला हात

डाव्या पायातलं जोडवं काळं पडलं होतं, आणि इंद्रकुमारला आधी वाटलं की मोहाच्या फुलांचा चिकटा लागला असेल — तो अंगठ्याने पुसायलाही लागला — तर बोटाचं कातडंच जोडव्याबरोबर सरकलं. त्याने हात मागे घेतला. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "हात नको लावू गा, पोलीस येऊ दे," आणि दुसरं कोणी ओरडलं, "करंट बंद केला का पाहा पहिले!" सकाळचे साडेसहा झाले होते. उन्हाळी धानाच्या बांधावर त्याची बायको दुर्गेश्वरी आडवी पडली होती, टोपली उपडी, फुलं चिखलात, दातांमध्ये जीभ अडकलेली, आणि पोटरीवर तारेची एक रेघ, सरळ, आतपर्यंत भाजलेली. वास येत होता. डुकराचे केस जाळताना येतो तसा. तो वास आपण ओळखला याचाच त्याला आधी राग आला, रडू नंतर.

तो दिवस एकवीस मार्चचा. आज सतरा एप्रिल.

आज तो आपल्या लिहायच्या टेबलाशी बसला होता. टेबल खिडकीशी, खिडकीतून कुंपण, कुंपणापलीकडे शेजारच्या केशोरावचं शेत. धान आता लोंब्या धरायला आलं होतं आणि त्यात डुकरांनी वाटा पाडल्या होत्या, कारण राखायला कोणी नव्हतं. केशोराव भंडाऱ्याच्या जेलात होता. तार त्याची होती. सौंदडच्या आसपास पुष्कळ जण डुकरांसाठी लावतात — बांधाभोवती वीतभर उंच खुंट्या, त्यावर उघडी बारीक तार, आणि अंधार पडला की एक टोक खांबावरच्या लाइनीला अडकवायचं. गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे पाटी लावता येत नाही, दवंडी देता येत नाही. एकच रीत आहे. ज्याने तार लावली त्याने दिवस बुडायच्या आत शेजारच्या घरांना स्वतः जाऊन सांगायचं. सांगितलं की त्याचं काम संपलं. पुढे घरातल्यांना सांगणं ऐकणाऱ्याकडे.

केशोराव म्हणत होता, मी सांगितलं. इंद्रकुमारने जबाबात लिहून दिलं होतं, नाही सांगितलं.

केशोरावला तो रोज मारत होता. सकाळी चहा झाला की मनात सुरू. त्याला ते काम येत होतं — झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांसाठी एकतीस नाटकं लिहिली होती आणि खुनाशिवाय एकही नव्हतं. वडशाचे कंपनीवाले म्हणायचे, इंद्रकुमारच्या नाटकात मुडदा नाही तर बुकिंग नाही. पण त्या खुनांत मारणारा आधी दोन पानं बोलायचा. हे खून मुके होते. कुऱ्हाड खांद्याच्या हाडात बसते आणि निघत नाही, मग छातीवर पाय देऊन ती ओढावी लागते, पाय घसरतो, कारण छाती ओली असते... केशोराव तोंड उघडतो, आवाज येत नाही, फुगा येतो. दुसऱ्या दिवशी वेगळं. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्याच खुंटीला बांधायचं, तार दोन वेढे गळ्याला, आणि आपण स्वतः काठीने आकडा लाइनीवर टाकायचा, आणि उभं राहून पाहायचं, पाठ कशी कमानीसारखी वर येते, जीभ दातांत कशी जाते. मोजायचं. पाचाला आकडा काढायचा, दहाला परत टाकायचा. असं पंचवीस वेळा तरी झालं होतं. आणि प्रत्येक वेळी केशोराव मेल्यावर त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं, तासभर.

टेबलावर प्रेरणाची पुस्तकं पडली होती. तीन भाग. प्रेरणा म्हणजे मुलगी, नागपूरला नर्सिंगला. संक्रांतीला आली तेव्हा घेऊन आली होती — जपानी चित्रकथा, इंग्रजीत छापलेली, मोठ्या माणसांसाठीची. आत रक्त काळ्या शाईचं, पण पानभर. एका लेखकाची गोष्ट. तो खुनांच्या कादंबऱ्या लिहितो, पितो, झोपत नाही, आणि एक दिवस त्याची बायको घरात मेलेली सापडते. मग तो खुनी शोधत फिरतो. ज्याच्यावर संशय येईल त्याला तो मनात मारतो, आणि चित्रं अशी काढलेली की मनातला खून कुठला आणि खरा कुठला कळू नये. प्रेरणा आईला पान दाखवून मराठीत सांगायची. प्रेरणा गेल्यावर दुर्गेश्वरीने चित्रांवरूनच पुढे वाचलं आणि शेंगा सोलता सोलता रोज थोडं त्याला सांगितलं, तो लिहीत असला तरी.

"आइकलं का जी? आज त्यानं दूधवाल्याले मारला."

"हूं."

"अन दुसऱ्या दिवशी तो दूधवाला परत दूध घेऊन आला. म्हणजे नव्हता मारला."

"हूं."

"मले त ह्या मानसाचं नवल वाटते. सारं घर धुंडते, गल्ली धुंडते. आपलं टेबल तेवढं धुंडत नाही."

तेव्हा तो मान वर करून म्हणाला होता की लेखकच खुनी निघाला तर ती फसवणूक आहे, रहस्यकथेत तसं चालत नाही, प्रेक्षक खुर्च्या फेकतील. ती हसली होती. "तुमचे प्रेक्षक खाली बसतात जी, खुर्च्या कुठं आहेत?"

तिसरा भाग तिचा वाचून व्हायचा होता. त्यात मधे एका पानावर शेंगेचं साल खूण म्हणून ठेवलेलं होतं.

तेराव्यानंतर त्याने तो भाग हातात घेतला आणि आपल्या पुस्तकासारखा उघडला, आणि हे चुकीचं होतं, कारण जपानी पुस्तक उलटीकडून सुरू होतं. त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे त्याने आधी शेवट पाहिला. रक्त जमिनीवरून उठून बाईच्या कपाळात शिरत होतं. बाई उठून बसत होती. पुरुषाचा हात वरून मागे जात होता, हातात शाई घोटायचा दगड होता, तो दगड टेबलावर परत ठेवला जात होता, मग दोघं चहा पीत होती. ती पानं त्याने फार वेळा उलटली. चूक कळल्यावरही तो तशीच उलटत राहिला, काही दिवस — बांधावर आडवी पडलेली दुर्गेश्वरी उठते, फुलं टोपलीत जातात, ती पाठमोरी चालत अंगणात येते, अंथरुणात शिरते, संध्याकाळ होते... आणि संध्याकाळ झाली की तो पुस्तक मिटायचा. त्या संध्याकाळच्या मागे त्याला जायचं नव्हतं.

"भाऊजी, आहा का जी घरी?"

केशोरावची बायको, बायजाबाई. अंगणात उभी होती, पायरीच्या खाली. महिनाभर ती या बाजूला आली नव्हती. डोक्यावर पदर, पायात नवऱ्याच्या चपला.

"या," तो म्हणाला. "बसा."

"बसायले नाही आली. उभ्यानंच बोलीन. तुमचा आज ठाण्यात जबाब आहे म्हणते."

"हो."

"त्यानं तुम्हाले सांगतलं होतं का नाही, तेवढं मले बोला. मी चुलीपाशी होती. मी आयकली त्याची हाक — लेखक, आज तार लावून राहिलो. त्याचा आवाज त तुम्हाले माहीत आहे, बैल हाकलल्यासारखा. तिकडच्या टोल्यावरच्या घरात आयकू जाते."

"मी नाही ऐकलं."

"मंग हात काऊन वर केला? तो म्हणते, लेखकानं हात वर केला, म्हणून मी वापस फिरलो."

कुंपणावर एक कोंबडी चढली होती, बायजाबाईने तिच्याकडे न पाहताच "हड" केलं.

"वकील म्हणते, सांगतलं होतं असं निघालं त कलम हलकं होईल. म्हणून नाही आली मी. तार त्यानंच लावली, मी हजारदा म्हटलं नको लावू, एखाद्या दिवशी मानूस मरन. मेला मानूस. दुर्गाबाईच्या हातचं लोणचं अजून माह्या घरी आहे, मले त्याची बरणी उघडवत नाही. त्याले फाशी द्या म्हणाल त द्या जी. पण खोटं बोलून नका देऊ."

"बायजाबाई, तुम्ही जा."

"जातेच. तुमच्या नाटकात त लबाड मानूस तिसऱ्या अंकात कबूल होते. आमी टाळ्या मारतो, येड्यासारख्या."

ती गेली. चपला मोठ्या होत्या, फटफट वाजत गेल्या. तिला मारावं असं त्याला क्षणभर वाटलं, खरंच वाटलं — मागून जाऊन, चूप करण्यासाठी — आणि टेबलाची कड हाताने इतकी घट्ट धरली गेली की नखाखाली लाकडाचं कुसळ शिरलं. ते त्याने दातांनी ओढून काढलं. रक्त आलं, थोडंसंच. नाटकात कुंकू आणि गुळाचं पाणी वापरतात, ते यापेक्षा जास्त लाल असतं.

मग फोन वाजला. ठाण्यातला हवालदार, शालीकराम.

"इंद्रकुमारजी, येऊन राहिले ना? साहेब दो बजेपर्यंत आहेत. पुरवणी जबाब आहे, पाच मिनटचं काम. जे पहिले बोलले तेच बोलायचं, सही मारायची, खतम."

"तेच बोलायचं?"

"मंग काय नवीन बोलायचं आहे का?" शालीकराम हसला. "नाटक थोडी आहे."

त्याने फोन ठेवला. जे पहिले बोलले तेच. पहिल्यांदा काय बोललो होतो — ठाण्यात, त्याच दिवशी, हाताला तो वास असताना, साहेबांनी विचारलं होतं, तार लावल्याची तुम्हाला पूर्वकल्पना होती का? आणि एकच शब्द निघाला होता, नाही. तो शब्द कोणी ढकलून बाहेर काढला नव्हता. तो आपोआप आला, जसा माणूस मार चुकवायला हात आडवा करतो. आणि लिहिला गेला. खाली सही झाली. संध्याकाळपर्यंत तो खराही झाला होता. प्रेरणा आली, बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, मी केशोकाकाला सोडणार नाही. त्याने एक शब्द सांगितला असता तर आई वाचली असती." तो म्हणाला, हो. तिला थोपटत तो म्हणाला, हो बेटा, एक शब्द.

ती आदल्या दिवशीची संध्याकाळ.

मी लिहीत होतो. तिसऱ्या अंकातला खून. सावकाराचा पोरगा सावत्र भावाला विहिरीत ढकलतो, आणि ढकलण्याआधी काय म्हणतो तेवढं अडलं होतं. चार दिवस अडलं होतं. उन्हं उतरली होती, दुर्गेश्वरी मागच्या अंगणात भांडी घासत होती, मला तिचा आवाज येत होता — आणि वाक्य आलं. पूर्ण नाही, अर्धं आलं. तेवढ्यात कुंपणापाशी केशोराव. "काय लेखक, आज किती मुडदे पाडले?" रोजचाच टोमणा. मग म्हणाला, "आज तार लावून राहिलो गा. वहिनीले सांगजो, पहाटे बांधाकडून नको जाऊ म्हणा." मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. मी मान वर केली नाही, कारण मान वर केली असती तर उरलेलं अर्धं वाक्य गेलं असतं, मी फक्त डावा हात वर केला — ऐकलं, जा — आणि उजव्या हाताने लिहीत राहिलो. तो गेला. वाक्य पूर्ण झालं. चांगलं झालं. जेवताना मी ते दुर्गेश्वरीला वाचूनही दाखवलं, ती म्हणाली, "बरं आहे." मग झोपलो. ती पहाटे केव्हा उठली मला कळलं नाही. फुलं पहाटेच वेचावी लागतात, ऊन चढलं की गुरं खातात.

इंद्रकुमारने तिसरा भाग ओढून घेतला आणि या वेळी बरोबर बाजूने, उजवीकडून, उघडला. जिथे शेंगेचं साल होतं तिथून पुढे. ती इथपर्यंत आली होती. पुढची चाळीसेक पानं. तो जपानी माणूस घरी येतो, टेबलाशी बसतो, त्याला सगळं आठवतं. बायको दारात उभी राहून काहीतरी बोलत होती. तो लिहीत होता. त्याने दगड उचलला. एका पानावर दगड, दुसऱ्यावर कपाळ, तिसरं पान सबंध काळं. दुर्गेश्वरीने बरोबर ओळखलं होतं. पहिल्याच भागात.

त्या जपानी माणसाने निदान दगड उचलला. त्याला निदान तिच्याकडे वळून पाहावं लागलं.

त्याने डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे केशोरावला आणायचा प्रयत्न केला. कुऱ्हाड होती, बांध होता, खुंटी होती. केशोराव येईना. तो कुंपणापलीकडे उभा होता, बंडीत, खांद्यावर तारेचं वेटोळं, आणि पलीकडून बघत होता, उत्तराची वाट पाहत. अलीकडे टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसला होता. इंद्रकुमार त्याच्याकडे गेला. पहिला घाव मानेवर बसला, खोल, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला हाड वाजलं. कागदांवर सगळं सांडलं, माणूस पुढे झुकला, तरी उजवा हात चालत होता. चौथा घाव त्या हातावर. तो तुटून पडला, बोटं अजून पेन धरून. डावा मात्र वरच होता. त्याच्यावर कितीही वेळा कुऱ्हाड घातली तरी तो खाली येत नव्हता, तसाच, कोपरातून वर, पंजा उघडा. ऐकलं, जा.

डोळे उघडले तेव्हा तो घामाने भिजला होता. नेहमीचं पोट भरलेलं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, फक्त नखाखाली ठणकत होतं. शेतात भर दुपारी एक डुक्कर फिरत होतं, निवांत, धानातून एकदा डोकं वर काढून परत आत.

घड्याळात दीडला पाच कमी होते. ठाणं मोटारसायकलने वीस मिनिटांवर. त्याने शर्ट बदलला, किल्ली घेतली, दारापर्यंत आला आणि थांबून फोन काढला. प्रेरणाचं नाव वरच होतं. ती या वेळी जेवणाच्या सुटीत असते, लगेच उचलते.

तो दारात उभा आहे. प्रेरणाला सांगितलेलं नाही. ठाण्यातही अजून नाही.