प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

मित्रांनो, मी एक जुनं लॅमिनेशन मशीन आहे, आणि नश्वर मानवाला अमरत्व मीच दिलं आहे. ऋषिमुनींना हजारो वर्षांच्या तपानं जे साधलं नाही, ते मी दीड मिनिटात करत असे. ए-फोर साइझपर्यंत. त्याहून मोठं अमरत्व हवं असेल तर लोकांना भांडुपला जावं लागे.

माझा जन्म वसईच्या एका गाळ्यात झाला. राखाडी पत्र्याची पेटी, आत चार रबरी रूळ आणि रूळ तापवणारी तार. वर दोन दिवे. लाल लागला की थांबा, हिरवा लागला की घाला. बाजूला एक बटण, त्याची एक बाजू कागद पुढे नेणारी आणि दुसरी मागे आणणारी. कागद तिरका गेला तर ओढून घ्यावा, एवढ्यासाठीच ती मागची बाजू होती. तिच्याविषयी पुढे बराच गैरसमज झाला.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर शिवदासचं झेरॉक्सचं दुकान आहे. रुंदीला एक माणूस, लांबीला दोन. शिवदासनं मला तिथं आणलं, हळदकुंकू लावलं आणि बाहेर पाटी लावली. त्या काळी लोक माझ्याकडे रांग लावत. कॉलेजची ओळखपत्रं, दहावीच्या गुणपत्रिका, खिशात मावणारी मारुतिस्तोत्रं, खानावळींची मेनूकार्डं, सगळं माझ्यातून गेलं. 'जिन्यात चपला काढू नयेत' अशी एका सोसायटीची सूचना मी लॅमिनेट केली होती. पुढे ती इमारत पाडली, जिना गेला. सूचना शाबूत होती. माझ्यातून बाहेर आलेला कागद फाटत नाही, भिजत नाही आणि पुन्हा मोकळाही होत नाही. हे तिसरं तेव्हा कुणी दोष म्हणून धरत नसे.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा भक्त म्हणजे सहदेव परब. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, मूळचा सावंतवाडीकडचा. दोन हजार चार साली तो पहिल्यांदा आला. दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवलेला एक कागद त्यानं अशा हातांनी काढला, की शिवदासनं चहाचा ग्लास आधी खाली ठेवला. तो त्याच्या नऊ दिवसांच्या मुलीचा जन्मदाखला होता. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी तीन दिवस ठाण मांडून त्यानं तो मिळवला होता.

शिवदासनं तो वाचला. "अहो, नावाची जागा कोरी आहे."

"बारसं बाराव्या दिवशी. नाव आत्या ठेवणार. ती अजून गाडीत बसायचीय."

"मग तीन दिवस थांबा की. नाव चढवून आणा, मग मारू लॅमिनेशन."

"तीन दिवसांत काय होईल, तुम्ही लिहून देता?" सहदेव म्हणाला. "तुम्ही मारा."

सहदेवचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुढे गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून अर्ज निघाले, आणि वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेतून आपलं हजेरीचं कार्ड काढलं. ते अर्धं वाळवीनं खाल्लं होतं आणि उरलेलं दमटपणानं. एकतीस वर्षं भोंग्याबरोबर उठलेला माणूस आपण कधी गिरणीत होतो हेच दाखवू शकला नाही. त्या दिवसापासून सहदेवचा कागदावरचा विश्वास उडाला आणि प्लास्टिकवर बसला.

मी तो दाखला दीड मिनिटात अमर केला. गरमागरम बाहेर आला तेव्हा सहदेवनं तो गालाला लावून पाहिला. मला फार बरं वाटलं. कोऱ्या जागेवरूनही रूळ अगदी सारखे फिरले होते, एक बुडबुडा नाही.

तीन दिवसांनी आत्यानं मुलीच्या कानात 'गार्गी' असं सांगितलं. कानात सांगण्याला प्लास्टिक आड येत नाही. दाखल्यावर ते लिहायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्याच वर्षी सव्वीस जुलैला परबांच्या तळमजल्याच्या खोलीत कंबरभर पाणी शिरलं. गाद्या गेल्या, पीठ गेलं, लग्नाचा अल्बम गेला. जन्मदाखला मात्र कपाटाखालून मासोळीसारखा तरंगत बाहेर आला, कोरडा ठणठणीत. त्यानंतर सहदेवनं घरातलं काही सोडलं नाही. शाळेचे दाखले, रक्तगटाचं कार्ड, गॅसचं पुस्तक. "बायको तेवढी राहिली," असं शिवदास म्हणायचा. सहदेव म्हणायचा, "ती ए-फोरमध्ये बसत नाही."

मित्रांनो, वैभव कायम राहत नाही. माणसांचे कागद हळूहळू मोबाइलमध्ये जाऊन बसले. महामारीत लशीची प्रमाणपत्रं मारायला शेवटची झुंबड उडाली, तेवढीच. मग शिवदास माझ्यावर डबा ठेवू लागला. डबा ऊन लागला तर मलाच आपण चालू असल्याचा भास व्हायचा.

अशा दिवसांत गार्गी दुकानात यायला लागली. बारशातली ती मुलगी आता बीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला परदेशी जायचं होतं. शिकायला नव्हे, काम करायला, निदान सेवा करायला. चाळिसेक अर्जांच्या प्रिंट शिवदासकडेच निघाल्या, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. घाटकोपरच्या एका ऑफिसात तिला गार हवेत बसवून सांगितलं, की स्ट्रॉबेरी तोडायचं काम अगदी पक्कं आहे. देश कुठला ते मागाहून कळवू. दुसरीकडे हत्तींना आंघोळ घालायची होती, पण फी आंघोळ घालणाऱ्यानं भरायची.

"हत्तीला आपणच घासायचं आणि वर पैसे आपलेच?" सहदेव म्हणाला. "त्यापेक्षा माझी स्कूटर धू. फुकट धुवू दिली असती."

"बाबा, याला व्हॉलंटियर म्हणतात. स्वयंसेवा."

"म्हणजे उडप्याकडे लिहिलेलं असतं ते? आपला डोसा आपणच आणायचा?"

"तेच. फक्त आणलेला डोसा दुसऱ्याला द्यायचा."

यावर शिवदास इतका हसला की झेरॉक्स काळी आली.

पण पोरगी चिवट. दोन वर्षं घाटकोपरला जर्मनचा क्लास केला होता, आणि शेवटी जर्मनीतल्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमानं तिला हो म्हटलं. एक वर्ष, राहणं-जेवण त्यांचं, वर थोडा हातखर्च. म्हाताऱ्यांना भरवायचं, फिरवायचं, त्यांच्याशी बोलायचं. ते पत्र तिनं दुकानात दोनदा मोठ्यानं वाचलं, एकदा जर्मनमध्ये आणि एकदा आम्हाला कळावं म्हणून.

"आई काय म्हणाली?" शिवदासनं विचारलं.

गार्गीनं आईचा, अनुपमाचा, आवाज काढला. "हंय आजयेक कपभर चाय देवक होना नाय, आणि थंय जावन परक्या म्हाताऱ्यांका भरवतलंस?"

"मग?"

"मग रडली. मग म्हणाली, लोणचं किती न्यायचं ते विचारून घे."

पत्रासोबत कागदांची यादी होती. तिच्यात सहाव्या क्रमांकावर जन्मदाखला: मूळ, नावासह, आणि त्यावर भारत सरकारचा शिक्का. मुदत सतरा दिवस. चुकली तर जागा दुसऱ्याला.

चौथ्या दिवशी बापलेक दोघंही दुकानात आले. सहदेवच्या हातात तो दाखला होता. एकवीस वर्षांनी आम्ही पुन्हा भेटत होतो. मी केलेलं काम आहे म्हणून सांगत नाही, पण एका कोपऱ्यानंसुद्धा पदर सोडला नव्हता.

"शिवदास, हा खोल," सहदेव म्हणाला.

"काय खोल?"

"प्लास्टिक काढ. शिक्कावाला म्हणतो, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. पुसून जातो म्हणे. आणि म्हणतो, नाव कुठाय?"

शिवदासनं दाखला उजेडात धरला. "परब, मी आयुष्यभर घालायचं काम केलं. काढायचं कुणी शिकवलं नाही."

सहदेव माझ्याकडे वळला. त्यानं माझ्यावरचा डबा उचलून बाजूला ठेवला, आणि लिफ्टवाल्याच्या नजरेनं मला डावीकडून उजवीकडे पाहिलं. "हे बटण काय? मागे जातं ना? मग उलटं फिरव."

"बाबा," गार्गी म्हणाली, "उलटं फिरवलं म्हणून लॅमिनेशन निघतं का?"

"लिफ्ट वर गेलेली खाली येते की नाही?"

शिवदासनं मला चालू केलं. लाल दिवा लागला. दहा मिनिटं तिघंही त्या दिव्याकडे बघत उभे राहिले. हिरवा लागला. सहदेवनं स्वतःच्या हातानं दाखला मागच्या बाजूनं घातला.

मित्रांनो, खोटं सांगत नाही, त्या दीड मिनिटात मलाही वाटलं, की कुणी सांगावं. उलटं फिरायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. दाखला पुढच्या बाजूनं बाहेर आला. पहिल्यापेक्षा जास्त चकचकीत आणि एकवीस वर्षांत जिथं कुठं किंचित हवा शिरली होती, तिथंही पक्का बसलेला.

गार्गीनं तो हातात घेतला. नावाच्या कोऱ्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, माझं नाव येईपर्यंत तरी थांबायचं होतंत."

सहदेवनं माझं बटण बंद केलं. "आजोबांचं कार्ड मी पाह्यलंय गो बाय," तो म्हणाला. "हातात घेतलं तर भुगा झाला. आप्पा रात्रंदिवस तो भुगा जुळवत होते. मी म्हटलं, माझ्या पोरीचं असं होता नये. तिला कोणी विचारलं, तू कुठची, तर तिच्या हातात कागद हवा."

"कागद आहे, बाबा. मीच नाहीये त्यात."

शिवदासनं उगाच कात्री उचलली आणि खाली ठेवली. मग म्हणाला, "पुरे आता. वॉर्ड ऑफिसला जा. नाव चढवायचा अर्ज असतो. नवीन दाखला देतात. तेरा दिवस आहेत ना?"

पुढचं मी शिवदासच्या फोनवरून ऐकलं. अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, आईबापाचं प्रतिज्ञापत्र. शाळेचा दाखलाही लॅमिनेट केलेला निघाला, म्हणून शाळेतून दुसरा काढावा लागला. सहदेवनं सलग सहा दिवस रजा टाकली. त्या आठवड्यात नीलम नगरातल्या एका सोसायटीची लिफ्ट बंद पडली होती. सातव्या मजल्यावरच्या एका आजींनी शिवदासच्या दुकानापर्यंत निरोप धाडला, की परबांना सांगा, मी घरात अडकले आहे. सहदेवनं उलटा निरोप धाडला, की आजी, मीही.

दहाव्या दिवशी तो नवीन दाखला घेऊन आला. आता त्यावर लिहिलं होतं: गार्गी सहदेव परब. कागद नवा करकरीत. शिवदासनं झेरॉक्सच्या तीन प्रती काढल्या आणि सवयीनं त्याचा हात माझ्या बटणाकडे गेला. त्याच्या एकट्याचाच नाही. सहदेवचाही हात निम्म्या वाटेपर्यंत आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नको," सहदेव म्हणाला. "भिजला तर भिजला. पुन्हा काढू. साधी पिशवी दे एक."

शिवदासनं एक पारदर्शक पिशवी दिली. सहदेवनं दाखला तिच्यात सरकवला, पुन्हा बाहेर काढून पाहिला, पुन्हा सरकवला. सहज निघतो आणि सहज जातो, याचंच त्याला नवल वाटत होतं. जाताना त्यानं माझ्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. माझ्यावर राग नव्हता, एवढं मला त्यातून कळलं.

शिक्का बसला. मुदतीच्या आदल्या दिवशी कागदांच्या प्रती जर्मनीला पोचल्या. गार्गी सप्टेंबरात गेली, लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन.

मित्रांनो, मी आता फारसं चालत नाही. पण चार शब्द सांगायचा हक्क मला आहे, कारण माझ्याइतकं जपण्याचं काम मुलुंडात कुणी केलेलं नाही. वस्तू जपा. कागद जपा. आईबापांची जुनी कार्डं वाळवीच्या हाती देऊ नका; ज्याच्याकडे कागद नसतो त्याची एकतीस वर्षं कुणी धरत नाही. मात्र ज्यावर अजून काही लिहायचं राहिलं आहे, ते घेऊन माझ्याकडे येऊ नका. मी चांगलं आहे, पण मला थांबता येत नाही. थांबायला तुम्हाला हवं.

गार्गीचा फोन दर रविवारी शिवदासच्या दुकानातच येतो, कारण परबांच्या खोलीत रेंज नाही. पहिल्या रविवारी तिनं सांगितलं, की पोचल्या पोचल्या तिनं वृद्धाश्रमाच्या ऑफिसातल्या बाईंपुढे शिक्का मारलेला जन्मदाखला ठेवला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, हा तर फक्त लग्नाला लागतो, तू इथं लग्न करणार आहेस का? यादी गेल्या वर्षीच्या मुलीची होती, तशीच पुढे पाठवली गेली होती. त्या मुलीला तिथं लग्न करायचं होतं.