मागच्या सीटचं हेल्मेट

बायकोने बोलण्यात तोंड घातलेलं रतनला चालायचं, कारण बावीस वर्षांत त्यावर इलाज सापडला नव्हता. पण त्याच्या हेल्मेटला कोणी बोट लावलेलं त्याला खपत नसे.

दर रविवारी नाश्ता आटोपला की तो मुलुंडच्या आपल्या गॅलरीत स्टूल टाकून बसायचा. हेल्मेटच्या आतल्या गाद्या सोडवायच्या, कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब टाकून त्यात बुडवायच्या, पिळायच्या नाहीत, नुसत्या दाबायच्या, सावलीत वाळवायच्या. काच ओल्या सुती फडक्याने पुसायची. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने हेल्मेटच्या निगेविषयी अठरा कलमांचा मेसेज टाकला होता. त्यातलं सातवं कलम ठळक अक्षरांत होतं: कवचाला थिनर किंवा पेट्रोल लावू नये, कवच कमकुवत होतं आणि वरून पत्ताही लागत नाही. मेसेजला एकच अंगठा आला. बी विंगमधल्या चैतन्यचा.

त्या रविवारी त्याची बायको सुलक्षणाही स्टूल घेऊन गॅलरीत आली. मांडीवर हेल्मेट, मरून रंगाचं, नवंकोरं.

"हे कोणाचं?"

"चैतन्यचं. पण घालते मी. त्याच्या मागे बसते ना."

सुलक्षणा आणि चैतन्य घाटकोपरच्या एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. महिनाभर ती त्याच्या बाइकवरून जात होती, हे रतनला ठाऊक होतं. त्याचं स्वतःचं ऑफिस ठाण्याला, म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. लिफ्ट त्याने मोठ्या मनाने पचवली होती. चैतन्य चौतीस वर्षांचा होता आणि तिला ताई म्हणायचा. रतनच्या मते बायकोला दोन प्रकारच्या पुरुषांपासून जपावं: जे ताई म्हणत नाहीत ते, आणि जे फार म्हणतात ते. पण लिफ्ट ही सोय असते. धुणं हा जिव्हाळा असतो.

"घरी आणलंस धुवायला? त्याला हात नाहीत?"

"माझ्या केसांचं तेल लागतं आत. ते त्याने का धुवायचं?"

"माझं हेल्मेट कधी धुतलं नाहीस ते."

"हात लावू दिला असतात तर धुतलं असतं."

तिने गाद्या पाण्यात बुडवल्या. "पिळू नकोस," रतन सवयीने म्हणाला.

"माहितीये. चैतन्यने सांगितलंय. नुसत्या दाबायच्या."

स्वतःची विद्या दुसऱ्याच्या नावावर परत ऐकताना रतनचा चहा गार झाला. "आणि हे हेल्मेट त्याने का घ्यावं म्हणे?"

"तुमच्याच मेसेजमधलं नववं कलम वाचून. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावं."

रतनच्या बाइकवर ती बावीस वर्षं डोक्याला ओढणी गुंडाळून बसली होती. कलम त्याने लिहिलं होतं लोकांसाठी.

हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक स्टिकर होता. 'हळू चालव, ताई मागे आहेत.' म्हणजे रतनची बायको द्रुतगती मार्गावर रोज सूचनाफलक होऊन फिरत होती, आणि सूचना दुसऱ्याची होती.

दुपारी ती लवंडली, तेव्हा त्याने नखाने स्टिकर काढला. स्टिकर निघाला, गोंद राहिला, आणि गोंदात 'ताई' स्पष्ट वाचता येत होतं. ग्रिल रंगवून उरलेलं थिनर माळ्यावर होतं. त्याने फडक्यावर घेतलं आणि घासलं. दोन मिनिटांत ताई गेली, तिच्याबरोबर तिथली चकाकीही गेली. रविवार बरा गेला.

सोमवारी सकाळी सुलक्षणा दारात उभी राहून हनुवटीखालचा पट्टा लावत होती, तेव्हा रतन चहा तसाच ठेवून तिच्याकडे धावला. थिनर त्याने चैतन्यच्या हेल्मेटला लावलं होतं. आत डोकं कोणाचं असणार, हा मुद्दा विचारात घ्यायचाच राहिला होता.

"ते घालू नकोस."

"का?"

"स्टिकर काढला मी त्यावरचा."

"बघितलं. बरं केलंत, मलाच लाज वाटायची. सिग्नलला लोक वाचायचे."

"थिनरने काढला."

ती थांबली. "सातवं कलम."

"हो."

"आणि घासलंत कोणी, तर तुम्ही."

खाली हॉर्न वाजला. सुलक्षणाने हेल्मेट काढलं आणि गॅलरीत गेली.

"चैतन्य, तू हो पुढे. मी बसने येते. हेल्मेट खराब झालंय रे."

"कसं काय, ताई?"

तिने एकदा मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. "पडलं हातातून," ती म्हणाली. मग आत येऊन रतनला म्हणाली, "संध्याकाळी नवीन आणायचं. तुम्ही."

संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "डोक्याचं माप?"

रतनला स्वतःचं तोंडपाठ होतं. तो बायकोच्या डोक्याकडे अंदाजाने बघू लागला.

"छप्पन," सुलक्षणा म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"चैतन्यने विचारलं होतं, घ्यायच्या आधी."

"टेप कोणी लावली?"

"मीच लावली, अहो. आरशासमोर."

रतनने एक श्वास सोडला आणि दुकानदाराला सांगितलं, "छप्पनची दोन दाखवा."

"दुसरं कशाला?"

"एक माझ्या गाडीला राहील. मीही सोडेन कधी घाटकोपरला."

"आणि मग उलटे ठाण्याला जाणार?"

"लवकर निघू. साडेसहाला."

सुलक्षणा आरशात निळं हेल्मेट घालून बघत होती. "रोज साडेसहाला मी नाही निघणार. सोमवार, गुरुवार तुम्ही. बाकी चैतन्य."

लॅब सहा दिवस चालायची. दोनास चार. रतनला हा निकाल मान्य होणं शक्य नव्हतं. "शनिवारही दे."

"शनिवारी त्याची सुट्टी असते. तो वार तसाही रिकामाच आहे."

दुसऱ्याची सुट्टी पडली म्हणून आपली नेमणूक झाली, यात मानाचं काही नाही, हे रतनला कळत होतं. त्याने शनिवार घेतला.