खिडकीतला बाप

धाकटा दीर बसवरची ड्युटी संपवून, अंगात ताप आणि छातीत खोकला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा थोरल्या वहिनीने त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. घरात त्याचं नुकतंच जन्मलेलं बाळ होतं, दम्याने बेजार सासूबाई होत्या आणि एकमेकांच्या ताटात हात घालणारं भलंमोठं खटलं होतं.

"थेट वरच्या खोलीत जा. अंगणाकडची खिडकी उघडी ठेव, दार लावून घे. ताट बाहेर ठेवीन."

"घरच्या माणसाला असं वेगळं काढतेस?" सासरे कुरकुरले.

"घरचा आहे म्हणूनच, बाबा. परका असता तर दारातूनच वाटेला लावलं असतं."

वहिनीचा शब्द घरात चालायचा. तिने सगळ्यांना मास्क दिले, खिडक्या सताड उघडल्या, बाळाचे पापे घेणं बंद केलं. रुसल्या त्या फक्त सासऱ्यांच्या बहीण, आत्याबाई. त्यांना ऐकू येत नसे. ओठ बघून त्या सगळं समजून घेत.

"तुम्ही तोंडं झाकलीत, आता मी काय भिंतींशी बोलू?"

वहिनी चपापली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने लगेच अंगणात खुर्च्या मांडल्या. आत्याबाईंशी बोलायचं ते उघड्यावर, लांब बसून, मास्क काढून.

पुढे दिराचा आवाज पार बसला. फोनवर नुसती घरघर. बायकोने अंगणातून बाळ उंच धरून दाखवलं, तर तो खिडकीतून ओठ हलवत राहिला. कुणाला काही कळेना. आत्याबाई चष्मा सावरत पुढे झाल्या.

"टोपडं उलटं घातलंय म्हणतोय."

बायको हसत टोपडं सुलटं करू लागली.

"आणि नाक त्याच्यावर गेलंय म्हणतो. ते काही खरं नाही."

मग रोजच अंगणात बैठक भरू लागली. खिडकीतला बाप बोलायचा आणि आत्याबाई मानाने सांगायच्या, अधूनमधून पदरचं घालून.

सासरे मात्र लपूनछपून वर जाऊन लेकाबरोबर चहा पिऊन आले आणि खोकू लागले. वहिनीने उशी त्यांच्या हातात दिली आणि जिना दाखवला. बापलेक वर पत्ते कुटत बसले.

सासूबाईंना साधी शिंकही आली नाही. बाळ निवांत दूध पीत राहिलं. दीर ठणठणीत बरा होऊन खाली आला, साबणाने हात धुतले आणि त्याने लेकराला छातीशी धरलं. बराच वेळ त्याने कुणाकडे पाहिलंच नाही.

"मला कधी सोडणार?" वरून सासऱ्यांनी विचारलं.

"खोकला थांबला की," वहिनी म्हणाली आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.