लॅपटॉपचे तीन पहारेकरी

राजीवने दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारातून, नेहरू प्लेसहून, मेमरी आणून लॅपटॉपमध्ये बसवली आणि लॅपटॉप आधीपेक्षा हळू झाला. आता तो सुरू होईपर्यंत माझी कणीक मळून व्हायची.

मेमरी आणली होती माझ्या मुलाखतीसाठी. पुण्याच्या एका कंपनीत घरून करायची नोकरी होती आणि रविवारी दुपारी कॅमेऱ्यावर मुलाखत होती. राजीवची बदली झाली तेव्हा माझी चांगली नोकरी सोडून मी दिल्लीजवळ इंदिरापुरमला आले. इथल्या नव्या टॉवरांमध्ये मला सगळे 'राजीवजी की मिसेस' म्हणतात. माझं नाव नीला आहे आणि मला ही नोकरी हवीच होती.

आमच्या मराठी मंडळात टाळ वाजवणारा शोधावा लागतो, पण कॉम्प्युटरमधला माणूस कोणत्याही खुर्चीवर सापडतो. त्यात आपल्याकडे नवी वस्तू बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या देवयानीताईंनी त्यात एक अँटीव्हायरस घालून दिला होता. मेमरी आल्याचं कळताच मंडळाचे तात्याराव सीडी घेऊन हजर झाले. आता जागा भरपूर आहे, म्हणत त्यांनी आपला अँटीव्हायरस घातला आणि थालीपीठ खाऊन गेले. लॅपटॉप रखडायला लागला, म्हणून राजीवने ऑफिसातल्या हेरंबला बोलावलं. त्याने मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसली, परत बसवली आणि जाताजाता तिसरा अँटीव्हायरस घातला. आधीचा कुणी काढला नाही. दुसऱ्याने घातलेलं कसं काढायचं?

रविवारी सकाळी लॅपटॉप जवळजवळ बंदच पडला. राजीवने तिघांनाही पोह्यांना बोलावलं. ते खात होते आणि मी पडद्याकडे बघत होते. एक चौकट उघडली. हेरंबच्या अँटीव्हायरसने एक धोकादायक फाइल पकडली होती आणि ती तात्यारावांच्या अँटीव्हायरसची होती. थोड्या वेळाने तात्यारावांच्या अँटीव्हायरसने देवयानीताईंचा पकडला. घरात चोर नव्हताच. तीन पहारेकरी एकमेकांचे खिसे तपासत बसले होते आणि बाकी कामं दारात खोळंबली होती.

मी हे सांगितलं तर तिघंही पोह्यांची तारीफ करायला लागले. मग एकेक जण पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आला आणि बाकीच्या दोघांचे काढायला हवेत, असं माझ्या कानात सांगून गेला. बाहेर मात्र प्रत्येकाचं तेच, राहू दे, यांचाही बिल्कुल चांगला आहे.

शेवटी राजीव आत आला. "अगं, तात्यारावांनी स्वतःच्या हातांनी घातलाय. त्यांच्यासमोर कसा काढणार? यार, तू मुलाखत पुढे ढकलतेस का?"

माझं डोकंच फिरलं. मी बाहेर गेले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"तात्याराव, मी तुमचा काढतेय. हेरंब, तुझाही. देवयानीताईंचा राहील, तो आधीपासून आहे."

हेरंब उगाचच मोबाइल बघत बसला. तात्यारावांनी चहा नको म्हटलं, आणि त्यांनी चहा नाकारल्याचं मंडळात कुणी ऐकलं नसेल. देवयानीताईंनी मात्र पोहे पुन्हा वाढून घेतले. मी एक काढला, दुसरा काढला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तो झटक्यात चालू झाला.

मुलाखतीला मी बेडरूममध्ये बसले. पुण्याच्या बाई पडद्यावर न अडखळता बोलायला लागल्या. सकाळपासून थांबलेली बाहेरची मंडळी दाराला कान लावून आहेत हे मला कळत होतं. राजीव चहाचा कप ठेवायला आत आला आणि नेमकं तेव्हाच बाईंनी विचारलं, मधली एवढी वर्षं नोकरी का केली नाही.

उत्तर मी पाठ केलं होतं. घरच्या जबाबदाऱ्या, वगैरे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला करायची होती. पण नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललेच नाही."

राजीव कप हातात धरून तिथेच उभा राहिला. पुण्याच्या बाईंनी विचारलं, कधीपासून सुरू करू शकाल?

मी राजीवकडे पाहिलं नाही. म्हटलं, उद्यापासून.